सर आणि बुवा, आइन्स्टाइन आणि टागोर: दोघांच्या गप्पा कागदावर उतरवताना किती हात लावायचा?

वहीतलं_पान
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून पहिल्यांदा धागा काढतेय, जरा लांबेल.

आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय. त्यात एक मुलाखत माझ्याकडे आलीय, म्हणजे मुलाखत अशी नाहीच, दोघांच्या गप्पा. एक आमचे सर, हायस्कूलला २८ वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं, आणि दुसरे बुवा, कीर्तनकार. दोघं पहिलीपासूनचे मित्र, अजून एकमेकांना अरे-तुरे, आणि कशावरच पटत नाही. मी मोबाइल मध्ये ठेवला, एक प्रश्न टाकला की जे सुंदर आहे ते बघायला कुणीच नसलं तरी सुंदर असतं का, आणि मग जवळजवळ दोन तास मला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

सर म्हणाले, सुंदर हे बघणाऱ्याचं, ते माणसाबरोबर जाईल, पण खरं जे आहे ते राहणार. काटकोन त्रिकोणाला काय कळतंय माणसं आहेत का संपली ते, त्याच्या बाजूंचं नातं तेच असणार. बुवा म्हणाले, अरे तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, कागद पाण्यात गेला, अभंग गेले का? लोकांच्या तोंडी होते. मग ते कागदात नव्हतेच कधी. त्यावर सरांनी विचारलं, "आणि ती माणसंही नसती तर?" इथे बुवा गप्प. रेकॉर्डिंगमध्ये ४० सेकंद नुसता पंख्याचा आवाज आहे. मग सरच म्हणाले, हे बघ, माझं खरंय हे मला सिद्ध करता येणार नाही, पण माझी श्रद्धा म्हण हवं तर. आणि तेवढ्यात चहा आला.

घरी येऊन ऐकताना हे कुठंतरी वाचलंय असं सारखं वाटत होतं. शोधलं तर आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ टागोरांची भेट. १४ जुलै १९३०, बर्लिनजवळ कापुथ नावाचं खेडं, तिथे तळ्याजवळ आइन्स्टाइनचं लाकडी घर होतं, आदल्याच वर्षी बांधलेलं. ऐन उन्हाळ्यात टागोर तिथे गेले आणि बोलणं बरोबर याच प्रश्नावर गेलं! आइन्स्टाइन विचारतो की माणसंच उरली नाहीत तर अपोलोचा तो प्रसिद्ध पुतळा सुंदर राहणार नाही का, टागोर म्हणतात नाही राहणार. तो म्हणतो सौंदर्याबाबत मला मान्य आहे, सत्याबाबत नाही, आणि मग पायथागोरसचा सिद्धांत काढतो आणि म्हणतो की माझं बरोबर आहे हे मी सिद्ध करू शकत नाही पण हाच माझा धर्म. सरांना विचारलं की हे तुम्ही वाचलं होतं का, तर नाही, त्यांना ही भेट झाल्याचंही माहीत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

आणि टागोरांचं उत्तर तर बुवांच्या गाथेच्या शेजारी ठेवावं असं. ते म्हणतात, कागदाचं सत्य वेगळं आणि साहित्याचं सत्य वेगळं. कागद खाणाऱ्या कसरीच्या मनाला साहित्य नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही, पण माणसासाठी मात्र कागदापेक्षा साहित्यच जास्त खरं. पुस्तकाला कसर लागली की आपण हळहळतो ना, ते कागदासाठी थोडंच हळहळतो.

आता अडचण. स्मरणिकेत ६ पानं मिळालीत. समितीतल्या एकांचं म्हणणं की भाषा शुद्ध करा, "म्हंजी", "काय तर", "अरे गप" हे सगळं काढा, गप्प बसले वगैरे लिहू नका आणि शेवटी दोघांचं एकमत झालं असं दाखवा, वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण एकमत झालंच नाही हो! कापुथलाही नव्हतं झालं. मला ते एकमत लिहायचं नाहीये, हात अडतोय. तुमच्यापैकी कुणी शब्दांकन केलंय का? किती बदललेलं चालतं? आणि तुम्हाला अशा कुठल्या गप्पा आठवतात, विज्ञानवाला आणि कलावाला समोरासमोर बसलेत, त्याही लिहा.

सावनी२७
किती सुंदर विषय. आत्ता रुमाल टाकून ठेवतेय, लेकाची परीक्षा आहे, रात्री निवांत लिहिते. एकमत मात्र अजिबात लिहू नका ताई.

पिंपळपार
मी बरीच वर्षं रेडिओसाठी ध्वनिमुद्रणं केली, म्हणून दोन शब्द. आमच्या वेळी स्पूलची टेप असायची, नको तो भाग ब्लेडने तिरका कापायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. नवीन आलेली मुलं खोकला, श्वास, "अं" सगळं कापत सुटायची आणि मग तो माणूस पेटीतून बोलल्यासारखा वाटायचा, कारण विचार करायला घेतलेला वेळच गेला. बोलणाऱ्याने प्रश्नानंतर घेतलेला श्वास काढायचा नाही हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लिहिताना मी असं करतो की पुनरावृत्ती काढायची, अडखळणं निम्मं काढायचं, पण शब्द बदलायचा नाही. बुवा "म्हंजी" म्हणाले तर "म्हंजी" लिहायचं, पण दहा वेळा नाही, दोनदा लिहिलं की वाचणाऱ्याच्या कानात तो आवाज बसतो आणि पुढचं तो आपसूक त्याच आवाजात वाचतो. क्रम बदलायचा तर विचारून. आणि छापायच्या आधी वाचून दाखवायचंच, याला पर्याय नाही.

त्या ४० सेकंदांचं काय कराल ते मला वाचायचंय.

निळासावळा
धागा आवडला पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, थोडी कडू लागेल. कापुथच्या त्या संवादाचं रेकॉर्डिंग नव्हतं. आइन्स्टाइन जर्मन बोलत होता, टागोर इंग्रजी, मध्ये दुभाषे. टिपणं घेतली ती टागोरांचे सहायक अमिय चक्रवर्ती यांनी आणि आइन्स्टाइनच्या सावत्र मुलीचे नवरे दिमित्री मारियानॉफ यांनी, ते पत्रकार होते. ऑगस्ट १९३० मध्ये मारियानॉफ यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत छापलं, मग जानेवारी १९३१ ला कोलकात्याच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकात आलं, टागोरांनी आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टातही घेतलं, आणि हे मजकूर तंतोतंत सारखे नाहीत.

आणि खरं दुखणं पुढेच आहे. त्याच वर्षी आइन्स्टाइनने फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँला पत्रात कळवलं की टागोरांशी झालेलं बोलणं एकमेकांचं नीट कळत नसल्यामुळे पार फसलं आणि ते छापायलाच नको होतं. तेव्हा ज्या संवादाने तुमच्या अंगावर काटा आला त्यातल्या एका माणसाला तो छापलेला नकोच होता. शब्दांकन करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

वहीतलं_पान
@निळासावळा, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगते, वाचून दुपारभर काही सुचलं नाही. म्हणजे मी ज्याच्या आधारावर समितीशी भांडत होते तेच शब्दांकन बोलणाऱ्याला पटलेलं नाही. मग आपण आज ते वाचतो ते बरोबर की चूक? मला तरी वाटतं की ते राहिलं हे बरं झालं, पण त्याला विचारायला हवं होतं. पिंपळपार काका म्हणतात ते वाचून दाखवणं तिथेही नीट झालं असतं तर कदाचित त्याने दोन वाक्यं बदलली असती आणि तो राग राहिला नसता. मी सर-बुवांना अजून काहीच दाखवलेलं नाहीये, ते आधी करायला हवं हे कळलं.

गंगेकाठचा_मराठी
१६ वर्षं कोलकात्यात आहे, इथे बसून थोडी भर घालतो. ते पत्र खरंच आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. एक तर दोघं त्याच उन्हाळ्यात पुन्हा भेटले, १९ ऑगस्टला बर्लिनमध्ये, त्याबद्दल कुणीतरी लिहीलच. आणि १९३१ मध्ये टागोरांना ७० वर्षं झाली तेव्हा त्यांच्यासाठी गौरवग्रंथ काढला, त्याच्या निमंत्रकांमध्ये गांधी, रोलाँ, जगदीशचंद्र बोस यांच्याबरोबर आइन्स्टाइन होता. आणि ग्रंथात त्याने नुसत्या शुभेच्छा नाही दिल्या, इच्छास्वातंत्र्यावर लिहून पाठवलं! त्यात तो म्हणतो की चंद्राला जर जाणीव असती तर पृथ्वीभोवती आपण आपल्या मर्जीने फिरतोय अशी त्याची पक्की खात्री झाली असती, आणि माणसाचंही तसंच. आता दुसऱ्या भेटीत बोलणं निघालं होतं ते योगायोग आणि कार्यकारणभाव यावरच. म्हणजे समोरासमोर जे जमलं नाही ते त्याने वर्षभराने शांतपणे लिहून पाठवलं, तेही वाढदिवसाला, आणि तरीही मत बदललं नाही. मला हे फार आवडतं. फसलेल्या संवादाला कुणी असं उत्तर देत नाही.

टागोरांचंही बघा. १९३७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, त्यांनी बंगालीत सामान्य वाचकांसाठी विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, अणूपासून ग्रहताऱ्यांपर्यंत, आणि अर्पण केलं भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांना. तेच बोस, ज्यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आपला लेख आइन्स्टाइनला पाठवला होता आणि आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापून आणला. टागोर, बोस, आइन्स्टाइन, हा सगळा गोतावळा एकमेकांत असा गुंतलेला आहे.

आणि आपलं नातं सांगायचं तर टागोर १७ वर्षांचे असताना, १८७८ मध्ये, विलायतेला जायच्या आधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले होते, त्यांच्या मुलीकडे, अन्नपूर्णाकडे, इंग्रजी बोलायला शिकले, तिला त्यांनी नलिनी हे नाव दिलं. तुकारामांचे काही अभंगही त्यांनी बंगालीत आणलेत. तेव्हा तुमच्या बुवांची गाथा आणि टागोरांची कसर शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही, ते तुकोबांना ओळखत होते.

सावनी२७
रुमाल उचलला. मी गाणं शिकते म्हणून मला दुसरी भेट जास्त जवळची. तिथे सुरुवात अणूंच्या जगात योगायोगाला जागा आहे का इथून होते, आणि टागोर म्हणतात की आमच्या संगीतातही तसंच आहे, रागाची चौकट ठरलेली पण आतमध्ये गायकाला मोकळीक. आइन्स्टाइन स्वतः व्हायोलिन वाजवायचा, तो लगेच नेमके प्रश्न विचारायला लागतो. म्हणतो की मूळ कल्पना पूर्ण पचवून त्यावर स्वतःचं काही करायला फार मोठी तयारी लागते, आमच्याकडे तर ते बदलसुद्धा बऱ्याचदा आधीच लिहून दिलेले असतात. टागोर कबूल करतात की पियानोने मी गोंधळून जातो, व्हायोलिन जास्त भावतं. एवढा मोठा माणूस पण "मी गोंधळतो" म्हणायला त्याला काही वाटत नाही.

मग आइन्स्टाइन म्हणतो की खरं चांगलं संगीत, पूर्वेचं असो की पश्चिमेचं, त्याची चिरफाड करता येत नाही. आणि शेवटाकडे तो म्हणतो, तुमच्या टेबलावरचं हे लाल फूलसुद्धा तुम्हाला आणि मला एकसारखं दिसत असेलच असं नाही. मला हे वाचून माझ्या गुरुजींचा गंधार आठवतो, मी तोच लावते, तंबोऱ्याशी जुळतोही, पण मला ऐकू येतो तो आणि त्यांना ऐकू येतो तो एकच आहे का हे कधीच कळणार नाही. दुसऱ्या भेटीत दोघं जिंकायला बसलेले नाहीत, एकमेकांची माहिती काढायला बसलेत, म्हणून ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. सगळे पहिलीचेच गोडवे गातात.

क्वांटमकट्टा
भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एका गोष्टीसाठी मुद्दाम लिहितोय. हा संवाद हल्ली फॉरवर्डमध्ये फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की टागोरांनी आइन्स्टाइनला हरवलं, पुंजभौतिकीने (क्वांटम फिजिक्सने) वेदान्त सिद्ध केला. कृपा करून हे नको. टागोर जे म्हणत होते ते असं, की सत्य हे एकट्यादुकट्या माणसाच्या मनावर नाही तर वैश्विक मानवी मनावर अवलंबून आहे. आइन्स्टाइन म्हणतो, या घरात कुणी नसलं तरी ते टेबल जागेवरच असतं. टागोर म्हणतात, हो, एका माणसाच्या मनाबाहेर असतं, पण वैश्विक मनाबाहेर नाही. ही तत्त्वज्ञानातली भूमिका आहे, चांगली भक्कम भूमिका आहे, पण ती पुंजभौतिकी उभारणाऱ्यांपैकी एक, नील्स बोर, त्याची भूमिका नव्हे. बोरचा प्रश्न मोजमापाचा होता, कुठलं उपकरण लावलं की काय बोलता येतं याचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्वे परिषदेत आइन्स्टाइनने बोरसमोर ती प्रकाशकणाची काल्पनिक पेटी ठेवली आणि बोरची झोप उडवली, त्या वादात आणि कापुथच्या वादात सारखेपणा एवढाच की दोन्हीकडे आइन्स्टाइनला जगाचं अस्तित्व बघणाऱ्यावर टांगलेलं नको होतं.

असंच दुसरं फिरतं की जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गला अनिश्चिततेचं तत्त्व (कणाची जागा आणि गती एकाच वेळी अचूक कळू शकत नाही, ते) टागोरांशी बोलून सुचलं. हायझेनबर्ग कोलकात्यात टागोरांना भेटला हे खरं, पण १९२९ मध्ये. अनिश्चिततेचा लेख १९२७ चा आहे. तारखा बघितल्या तरी विषय मिटतो. टागोरांचं मोठेपण दाखवायला असल्या काठ्यांची गरज नाही, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वैज्ञानिकासमोर बसून त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही आणि आवाजही चढवला नाही, तेवढं पुरेसं आहे.

वहीतलं_पान, तुमच्या सरांचं ते "मला सिद्ध करता येणार नाही" हे वाक्य कापू देऊ नका. वर्गात हे वाक्य म्हणायला शिक्षकाला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक आहे.

मांडवीकाठ
पणजीहून. आमच्याकडे दामोदर कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव होतो, कला अकादमीत, बाहेरचे मोठे विचारवंत येतात. मी जातो ते भाषणासाठी कमी, नंतरच्या प्रश्नांसाठी जास्त. शाळकरी पोर उठून प्रश्न विचारतं आणि वक्ता थांबून विचार करतो तो क्षण बघायला. कोसंबी स्वतः गणिती, पण जुन्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांची वजनं मोजून, झिजेचं संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहास वाचला, तेव्हा विज्ञान आणि संस्कृती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची नाहीत हे आम्हाला त्यांच्याकडूनच मिळालं. एवढंच, बाकी चर्चा वाचतोय.

शनिवारची_शाळा
खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांचं नाव अजून कसं आलं नाही? मुलं सही मागायला गेली की ते म्हणायचे, सही अशी नाही देणार, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारून पाठव, उत्तर लिहीन त्याखाली सही असेल. आणि खरंच यायचं उत्तर! तीसुद्धा गप्पाच की, कार्डभर लांबीची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या मुलांसाठी त्यांनी व्याख्यानं सुरू केली ती दुसऱ्या शनिवारची, मी लहानपणी गेलेय. तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभी राहिली, इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींमधला तारा आणि आत पुलंसुद्धा. विनोदी लेखकाच्या पैशातून मुलांची प्रयोगशाळा, आणि नाव ठेवलं ताऱ्याचं, यापुढे साहित्य आणि विज्ञान यांचं नातं मी वेगळं काय सांगू. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले तेव्हा मी शाळेतल्या मुलांना एकेक पोस्टकार्ड आणून दिलं आणि प्रश्न लिहायला लावले. कुणाला पाठवायचे ते विचारलं मुलांनी, मला उत्तर देता आलं नाही. कार्डं कपाटात आहेत.

पिंपळपार
@शनिवारची_शाळा, ती कार्डं इथे टंकून टाका. उत्तरं देणारे या धाग्यावरच चारपाच जण दिसतायत.

क्वांटमकट्टा
मी देईन, कार्डावरच देईन. पत्ता मला निरोप टाकून कळवा.

वहीतलं_पान
आठ दिवसांनी येतेय, सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं त्याबद्दल क्षमस्व, सगळं वाचलंय आणि दोनदा वाचलंय.

काल संध्याकाळी दोघांना बसवून पूर्ण शब्दांकन वाचून दाखवलं, पिंपळपार काकांनी सांगितलं तसं, शब्द त्यांचेच ठेवून, "म्हंजी" दोनदा. सरांनी तीन ठिकाणी थांबवलं. एक तर त्यांनी बोलण्याच्या भरात प्रकाशाला सूर्यापासून यायला पाच मिनिटं लागतात म्हटलं होतं, ते आठ कर म्हणाले, "पोरं वाचतील." बाकी दोन भाषेचे. श्रद्धेचं वाक्य तसंच राहू दे म्हणाले. मी त्यांना कापुथचं सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा, आणि सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की दुभाष्याशिवाय भेटायला हवे होते बिचारे.

बुवांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. "आणि ती माणसंही नसती तर?" इथपर्यंत मी वाचलं आणि पुढे सरांचं वाक्य वाचायला लागले, कारण समितीने सांगितलं होतं म्हणून मी ती शांतता काढून टाकली होती. बुवांनी डोळे उघडले. म्हणाले, "इथं मी गप्प बसलो हुतो. ते लिही." मी म्हटलं काय लिहू, तर म्हणाले, "गप्प बसलो हुतो असंच लिही, त्याचं उत्तर मला आलं न्हाई, लई दिवस झालं शोधतोय."

समितीला आज सकाळी तसंच नेऊन दिलं. एकमताचा परिच्छेद नाही. सहा पानांची साडेसहा झालीत, अर्ध्या पानाची जाहिरात मागे सरकवायला तयार झाले.

गंगेकाठचा_मराठी
अंक निघाला की इथे नक्की कळवा. टपालखर्च माझा, दोन प्रती हव्यात, एक माझ्या शेजारच्या बंगाली मास्तरांना वाचून दाखवणार आहे.